रूळ कुणाचे, गाव कुणाचं?

उत्साही : भाऊ, आपल्या मूर्तिजापूर गावाचं काय होऊ शकतं हे दाखवायला मला लांब जावं लागत नाही. स्टेशनालगतच्या नॅरोगेजच्या यार्डात गेलं तरी पुरे. मुंबई-नागपूर मुख्य मार्गाला इथे दोन बाजूंनी अडीच फुटी रूळ येऊन मिळतात. एक यवतमाळहून दारव्हा-कारंजामार्गे, ११३ किलोमीटर. दुसरा अचलपूरहून अंजनगाव-दर्यापूरमार्गे, ७६ किलोमीटर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात किलिक निक्सन कंपनीने हा मार्ग टाकला. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणि तिथून मुंबईच्या गोदीत पोचावा, हा त्यामागचा हेतू. लोकांनी या गाडीला शकुंतला म्हटलं आणि तेच नाव राहिलं. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत चाललं. मग डिझेल आलं, आणि गेल्या दशकात टप्प्याटप्प्याने गाडीच बंद झाली. आज रुळांवर वेडी बाभूळ माजली आहे. माझं म्हणणं असं की नगरपरिषद, रेल्वे, गाडगेबाबांच्या कामाशी जोडलेल्या संस्था, जिनिंगवाले, बचत गट, शाळा-कॉलेजं या सगळ्यांनी एक भागीदारी उभी करावी. यार्ड, जुने डबे, स्टेशनच्या इमारती वारसा म्हणून जपाव्यात आणि त्याभोवती गावाचा नवा व्यवहार उभा करावा. आजूबाजूला काय कमी आहे? तालुक्यात लाखपुरीचं लक्षेश्वर आहे. दापुरी आहे, जिथे गाडगेबाबांचं लहानपण मामाकडे गुरं राखण्यात गेलं. पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. कारंज्याला नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आहे. रुळाच्या दुसऱ्या टोकाला अचलपूर, एकेकाळची इमादशाहीची राजधानी, आणि त्याच्यावर चिखलदरा आणि गाविलगड. या सगळ्याच्या मधोमध आपण बसलो आहोत.

शंकेखोर : सर, मधोमध बसणं आणि कुणी थांबणं यात फार अंतर आहे. २०२२ च्या जून महिन्यात अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते मूर्तिजापूर या पट्ट्यात ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. तेव्हा गावाला अभिमान वाटला, मलाही वाटला. पण त्या रस्त्याने आपल्यासाठी काय केलं? नागपूर-अमरावतीकडून येणारी गाडी आता आपल्या बाजूने आणखी वेगात निघून जाते. तिकडे समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून गेला. प्रवासी इथे थांबत होता तो नाइलाजाने, गाडी बदलायची म्हणून. जंक्शनचं मोठेपण त्या खोळंब्यात होतं. हमालाला काम, चहावाल्याला गिऱ्हाईक, लॉजला रात्रीचा उतारू, सगळं त्यातून. तो खोळंबा संपला आणि आता तुम्ही म्हणता की लोक आपणहून, हौसेने थांबतील. कशासाठी? नागपूरहून निघालेलं कुटुंब चिखलदऱ्याला जाईल ते परतवाड्यावरून, मूर्तिजापूरला वळसा घालून नव्हे. आणि आला समजा पाहुणा, तर त्याला पाणी काय पाजणार? आपण खारपाणपट्ट्यात राहतो. पूर्णेच्या खोऱ्यात विहीर खणली, बोअर मारली तरी पाणी खारं. ज्या गावांत बाया पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहतात, त्यांच्या नावाने पर्यटनाचा आराखडा करताना माझी जीभ रेटत नाही.

उत्साही : पाण्याचं तुम्ही बोललात ते मी बाजूला सारणार नाही. उलट माझा मुद्दा तोच आहे. ज्या गावाकडे कुणी पाहत नाही, त्याच्या पाण्याकडेही कुणी पाहत नाही. पण आधी हौसेचं बोलू. वेल्समध्ये टालिलिन नावाची एक नॅरोगेज गाडी आहे. १८६५ च्या सुमारास पाटीचा दगड खाणीतून खाली आणण्यासाठी टाकलेली, जशी आपली कापसासाठी. खाण बंद पडली, मालक वारला, रूळ सडले. तेव्हा लोकांनी सभा घेतली, संस्था काढली आणि १९५१ साली स्वयंसेवकांनी ती गाडी स्वतः चालवायला घेतली. बंद पडू घातलेली रेल्वे स्वयंसेवकांनी ताब्यात घेऊन चालवली, असं जगात पहिल्यांदा तिथे झालं. सरकारने नाही केलं, कंपनीने नाही केलं. शिक्षक, कारकून, मेकॅनिक लोक सुट्टीच्या दिवशी येऊन स्लीपर बदलत होते. आज ती गाडी त्या गावाच्या पोटापाण्याचा भाग आहे. पुढे इंग्लंडभर अशा कितीतरी गाड्या उभ्या राहिल्या, त्यांचं मूळ तिथे आहे. आणि आपल्याकडे काय, तर दार्जिलिंगची गाडी १९९९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली, मग निलगिरी, मग कालका-शिमला. त्या तीनही डोंगरातल्या. सपाटीवरच्या, कापसाच्या, गरिबाच्या गाडीचं मोल अजून कुणी केलेलं नाही. ते आपण का करू नये?

शंकेखोर : टालिलिन जेमतेम बारा किलोमीटरची आहे, आणि समुद्रकाठच्या ज्या गावातून ती सुटते तिथे लोक हवा खायला आधीच येत होते. गाडीने पाहुणे आणले नाहीत, आलेल्या पाहुण्यांना गाडी मिळाली. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, आणि तुम्हाला पाहुणे शून्यातून आणायचे आहेत. पण माझी खरी हरकत याहून मोठी आहे, ती नीट ऐका. सोलापूर जिल्ह्यात बार्शी लाइट रेल्वे होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने टाकलेली, १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झालेली. तीही अडीच फुटी, अगदी आपल्याच मापाची. पुढे ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली, मिरजेपर्यंत पोचली. वारकऱ्यांनी भरलेल्या तिच्या डब्यांच्या आठवणी आजही लोक सांगतात. वारसा म्हणाल तर शकुंतलेहून काकणभर जास्तच. तिचं काय झालं? २००० नंतरच्या दशकात तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. हळहळ वाटली असेल पुष्कळांना. मग आला २०१६ चा एप्रिल. लातूर कोरडं पडलं आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली, जलदूत. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींच्या खेपा झाल्या. ती गाडी गेली कुठून? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. बार्शी लाइटच्याच वाटेने. तो मार्ग आपण जपला असता, रंगरंगोटी करून त्यावर हौशी लोकांची गाडी फिरवली असती, तर लातूरला त्या उन्हाळ्यात पाणी कशावरून आलं असतं? सर, वारसा जपायचा म्हणजे एखादी वस्तू आहे त्या मापात थांबवायची. आणि वऱ्हाडला थांबणं परवडत नाही.

उत्साही : हे उदाहरण मला अडवतं, हे मान्य करतो. त्याला मोठ्या आवाजात उत्तर नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या करा. शकुंतलेच्या ब्रॉडगेजची घोषणा २०१६ मध्ये झाली. तेव्हापासून गावोगावच्या लोकांनी मागण्या केल्या, मोर्चे काढले, अचलपूर-दर्यापूरकडे सत्याग्रह झाले. तरीही मोठी गाडी आली नाही, आणि छोटी गेली ती गेलीच. मी ब्रॉडगेजच्या आड येत नाही. दर्यापूरच्या पोराला अकोल्याच्या कॉलेजात जायला मोठी गाडी मिळत असेल तर मी पहिला हार घेऊन उभा राहीन. पण मोठी गाडी येईल या आशेवर जुनं सगळं कुजू द्यायचं, हा कुठला व्यवहार? यार्डातले डबे, पाण्याची टाकी, लोकोशेड, हाताने ओढायचे सिग्नल, यांच्यावरून ब्रॉडगेज जायचंच असतं असं नाही. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना आजही माथेरानच्या छोट्या गाडीची कामं करतो. म्हणजे अडीच फुटी बार्शी लाइट गेली तरी लहान रुळांचं हुन्नर महाराष्ट्रातून गेलेलं नाही. माथेरानचंच बघा. १९०७ ची गाडी, दोन फुटी रूळ, एकवीस किलोमीटर. २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेले, लोक म्हणाले आता संपलं. तीन वर्षांनी, २०२२ मध्ये, नेरळहून ती पुन्हा सुटली. कारण माथेरानच्या लोकांनी ती सोडली नाही.

शंकेखोर : माथेरानच्या लोकांनी ती सोडली नाही, कारण ती त्यांच्या उपयोगाची आहे. तिथे मोटारीला बंदी आहे. वर सामान न्यायचं तर वर्षानुवर्षं घोडा, हातगाडी नाहीतर रेल्वे एवढंच होतं. गाडी कामाची राहिली म्हणून वारसा टिकला. तुमच्या यार्डात ती अट कुठे आहे? आणि आता मला जे मनापासून लागतं ते सांगतो. शकुंतला कुणाची गाडी होती? अंजनगाव-पथ्रोटकडून संत्री, भाजी, कोंबड्या घेऊन बसणाऱ्या माणसाची. पहाटे बाजाराला निघालेल्या बाईची. मजुरीला जाणाऱ्याची, एसटीचं भाडं परवडत नाही म्हणून कॉलेजात रेल्वेने जाणाऱ्या पोराची. लहान स्टेशनांवर तिकीट द्यायला माणूस नसे, गार्डच उतरून तिकिटं देई. फाटक आलं की गाडी थांबवून गाडीतलाच माणूस ते लावे, आणि गाडी पलीकडे गेल्यावर उघडून पुन्हा चढे. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेग. लोक त्यावर बोलत, कुरकुरत, पण बसत. कारण तिकीट एसटीच्या पासंगालाही पुरत नव्हतं. ती गाडी आपण त्या माणसाकडून काढून घेतली. आता तुम्ही तीच गाडी, दोन-तीन किलोमीटरची, चकचकीत डब्यांची, पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला परत देणार. तिकीट किती ठेवाल? दोनशे? तीनशे? ज्या बाईची ती गाडी होती ती फाटकाजवळ उभी राहून ती जाताना बघणार. याला मी पुनरुज्जीवन म्हणू शकत नाही.

उत्साही : नाही भाऊ, तशी गाडी मलाही नको. तुम्ही ज्या बाईचं बोलता तिला वगळून जे उभं राहील ते पाडायला मीही तुमच्याबरोबर येईन. म्हणूनच मी भागीदारी म्हणतो. आणि भागीदारीचा धडा आपल्याला वेल्सहून आणायची गरजच नाही, तो याच मातीत दिलेला आहे. गाडगेबाबांनी १९०८ मध्ये ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला. १९२५ च्या सुमारास मूर्तिजापुरात गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय उभं केलं. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, सगळीकडे धर्मशाळा. पैसा कुठून आला? कीर्तनातून, शेठजींकडून, शेतकऱ्याच्या पायलीभर ज्वारीतून. श्रम लोकांचे. आणि बांधून झाल्यावर बाबांनी स्वतःचा हक्क ठेवला नाही. विश्वस्त नेमले, त्यांच्या हाती दिलं, खराटा उचलला आणि पुढच्या गावाला गेले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, पोरांच्या शिक्षणासाठी. देणारा शेठ, राबणारा शेतकरी, सांभाळणारा विश्वस्त, वापरणारा गरीब प्रवासी, अशी ही चार हातांची व्यवस्था शंभर वर्षांपूर्वी या तालुक्याच्या माणसाने उभी केली. तिकडे शेगावला बघा. गजानन महाराज संस्थानात सेवेकरी पाळी लावून येतात, पगार घेत नाहीत, आणि तिथली स्वच्छता व शिस्त पाहायला लोक परगावाहून येतात. वऱ्हाडी माणसाला मिळून काही चालवता येत नाही असं कोण म्हणेल?

शंकेखोर : वऱ्हाडी माणसाला येत नाही असं मी म्हटलंच नाही. मी म्हणतो, बाबांचं काम नीट बघा. त्यांनी पाहुणा तयार केला नाही. वारकरी पंढरपूरला चालतच होता, रात्री वाळवंटात झोपत होता. आजाऱ्याचे नातेवाईक मुंबईत फुटपाथवर पडत होते. ऋणमोचनला पौषाच्या रविवारी यात्रा भरतच होती, लोक चिखलातून नदीत उतरत होते. गरज डोळ्यांसमोर उभी होती आणि बाबा तिच्या मागे गेले. तुमचा आराखडा गरजेच्या पुढे धावतो. आधी बांधू, मग लोक येतील. शेगावलाही आधी श्रद्धा होती, मग खोल्या झाल्या. आता दुसरी गोष्ट. तुमच्या भागीदारीत रेल्वे आहे. मग रूळ कुणाचे, हे आधी विचारा. १९५१ मध्ये देशातल्या रेल्वेंचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही गाडी त्यातून निसटली. रूळ कंपनीचे, डबे आणि माणसं मध्य रेल्वेची. दर काही वर्षांनी करार वाढवायचा आणि स्वतंत्र देशाने त्या रुळांच्या वापराबद्दल कोटीच्या घरात रक्कम मोजायची, असं कित्येक दशकं चाललं. तीही भागीदारीच होती, सर. कंपनी एक भागीदार, रेल्वे दुसरी, सरकार तिसरं. कापूस पिकवणारा त्यात नव्हता. गाडीत बसणारा नव्हता. दुरुस्ती कुणी करायची यावर भागीदार एकमेकांकडे बोट दाखवत राहिले, तोवर पूल खचले. स्थानिक भागीदारी म्हणताना तुम्ही ज्या कागदावर सह्या घ्याल, त्यावर आमचं स्थान काय असेल ते सांगा.

उत्साही : प्रश्न रास्त आहे, आणि तो पुढे ढकलायचाही नाही. आपल्याच राज्यातला एक दाखला घेऊ. राज्य संरक्षित स्मारकांसाठी ‘महाराष्ट्र वैभव’ नावाची संगोपन योजना आहे. तिच्याखाली नळदुर्गचा किल्ला एका खासगी कंपनीकडे देण्यात आला. तो आधी ज्यांनी पाहिला आहे ते सांगतील, झाडोरा आणि उकिरडा होता. नंतर साफ झाला, बाग झाली, पाणीमहालाचा धबधबा बघायला कुटुंबं येऊ लागली. हे मी नाकारणार नाही. पण तुम्ही विचाराल तेच मीही विचारतो, की नळदुर्गच्या माणसाचा त्या ठरावात आवाज किती? मालक सरकार, सांभाळणारी कंपनी, आणि गाव बाहेर. त्यापेक्षा अहमदाबादची वाट मला जवळची वाटते. तिथे १९९६ मध्ये महापालिकेने वारसा कक्ष काढला आणि १९९७ मध्ये एका संस्थेला हाताशी धरून कालूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पायी फेरी सुरू केली. पोळांमधून, लोकांच्या ओट्यांवरून, चबुतऱ्यांजवळून. ना गाडी, ना रोषणाई. सोबतीला एक माहीतगार माणूस. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ते शहर जागतिक वारसा ठरलं. त्या फेरीने पहिल्या दिवसापासून पैसा आणला असं नाही. तिने घरमालकाला आपल्या लाकडी खांबाकडे बघायला शिकवलं. आपण गाडीचा हट्ट धरूच नये. यार्डातून निघून, जुन्या जिनिंगवरून, बाजारातून गाडगेबाबांच्या कामाच्या जागी जाणारी एक फेरी. ज्यांनी लोकोशेडमध्ये कोळसा टाकला, सांधे बदलले, गाठी चढवल्या ते लोक अजून आपल्यात आहेत. नववी-दहावीच्या पोरांनी त्यांच्याकडे बसून त्यांचं ऐकावं, लिहून घ्यावं. दहा वर्षांनी सांगायला कुणी उरणार नाही, आणि ते नुकसान कुठलाही निधी भरून देणार नाही.

शंकेखोर : आता तुम्ही माझ्या जवळ आलात. पोरांनी म्हाताऱ्यांजवळ बसावं, हे मला पटतं. पण मग याला पर्यटन का म्हणता? आपण आपल्यासाठी आपली आठवण राखतो, असं म्हणा. ‘पर्यटन’ म्हटलं की कुणाच्या तरी आवडीप्रमाणे आठवण छाटावी लागते. पाहुण्याला काय आवडेल? वाफेचं इंजिन, मँचेस्टरची पाटी, साहेबाचा बंगला, छायाचित्र. आणि कापसाचं काय सांगाल? १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आलं. १८६१ पासून अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडकडे तोंड वळवलं. भाव चढले, ज्वारीच्या रानात पऱ्हाटी आली. युद्ध संपलं, भाव कोसळले, शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. पुढच्या दुष्काळांत त्याच काळ्या, कसदार जमिनीवर माणसं अन्नावाचून मेली, आणि कापूस गाडीने जातच राहिला. शकुंतला त्या गोष्टीतली शेवटची कडी आहे. आजही यवतमाळ, अमरावती, अकोला ही नावं देशाला कशामुळे ठाऊक आहेत, ते तुम्ही जाणता. तुमच्या फेरीत हे सांगाल? आत्महत्या झालेल्या घरासमोरून पाहुण्यांना नेणार नाही, हे उघड आहे आणि नेऊही नये. पण ते गाळलं तर फेरी खोटी. सांगितलं तर पाहुणा दुसऱ्यांदा येईल का?

उत्साही : सांगितलंच पाहिजे. याबाबत माझ्या मनात किंतु नाही. मला तर वाटतं, आपल्याकडे दाखवण्यासारखं खरं तेच आहे. एका शेतातल्या बोंडापासून जगाच्या बाजारापर्यंतची वाट इतक्या छोट्या जागेत, पायी फिरून समजते अशी ठिकाणं कमी आहेत. शेत, बैलगाडी, जिनिंग, सरकी एकीकडे, गाठ दुसरीकडे, अडीच फुटी रूळ, ब्रॉडगेज, मुंबई. भाव कुठे ठरला, तोटा कुणावर पडला, हे त्या वाटेवर उभं राहून विचारता येतं. मुंबईच्या गिरणगावातल्या पोरांनी, नागपूरच्या शेतकी कॉलेजातल्या मुलांनी हे पाहायला यावं असं मला वाटतं. हौसेने येणारा पाहुणा एक, शिकायला येणारा दुसरा. दुसरा थोडा येईल, पण तो मुक्काम करील, विचारील, आणि बचत गटाच्या बाईच्या हातची ज्वारीची भाकरी-झुणका खाऊन तिला पैसे देऊन जाईल. मी कमी पैशाचं बोलतो आहे, ते मला माहीत आहे. यातून गावातली बेकारी हटणार नाही. पण आज गावातलं पोर पुण्याला निघतं तेव्हा मागे सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नाही. ते वाटणं बदललं तर ते पोर इथे काही उभं करायचा विचार तरी करील. याला तुम्ही पुनरुज्जीवन म्हणू नका, पण हे काहीच नाही असंही म्हणू नका.

शंकेखोर : काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. पण तुमची मोजणी मी पुढे नेतो. समजा फेरी चालली. यार्डाची कीर्ती झाली. वर्तमानपत्रांत आलं, मुंबईची कुणी मंडळी आली, निधी आला. त्याच वर्षी रेल्वेने सांगितलं की ब्रॉडगेज मंजूर, काम सुरू, यार्डाची जागा हवी आहे. मोठ्या गाडीच्या मार्गात जुनी लोकोशेड येते. त्या दिवशी तुम्ही कुठे उभे राहाल? तेव्हा बचत गटाच्या वीस बायांचं पोट त्या यार्डावर असेल, आणि दर्यापूर-अंजनगावच्या हजारो लोकांची सोय त्या नव्या रुळांवर. आज तुम्ही म्हणता की आड येणार नाही. पण एकदा वारशाचा शिक्का बसला की तो काढणं तुमच्या-माझ्या हातात राहत नाही. बाहेरचे लोक सांगतील की हे जपलंच पाहिजे, आणि ते नागपूर-मुंबईच्या ब्रॉडगेजने येऊन सांगतील.

उत्साही : त्या दिवशी मी जागा सोडीन. शेड उचलून दुसरीकडे मांडता येते. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय २००२ पासून आहे, तिथे इंजिनं, डबे ठेवलेच आहेत. पण सोडताना मी एक मागीन : जे जाईल त्याची नोंद आधी, आणि नव्या स्टेशनात त्या जुन्या मार्गाला जागा. आणि मी उलटं विचारतो. ब्रॉडगेज कधीच आली नाही तर? आपण दोघंही म्हातारे होऊ, रूळ भंगारात जातील, आणि आपण म्हणू की मोठी गाडी यायची होती म्हणून छोटी राखली नाही. ती जबाबदारी कोण घेईल? तुम्ही घ्याल?

शंकेखोर : घेईन. पण तुम्हाला ‘हो’ म्हणण्याआधी माझ्या तीन गोष्टी कागदावर हव्यात. एक, ज्या गावांतून ती गाडी जात होती त्या गावांच्या ग्रामपंचायती भागीदार म्हणून आत हव्यात, फक्त मूर्तिजापूरची नगरपरिषद नको. दोन, पुढेमागे लहानशी गाडी जरी चालली तरी स्थानिक माणसाचं तिकीट जुन्या हिशेबाचं राहील. ती बाई त्या गाडीत बसलेली हवी. तीन, जो पैसा येईल त्यातला ठरलेला हिस्सा आधी पिण्याच्या पाण्याला, मग रंगरंगोटीला. या तीन ओळी असल्या तर मी तुमच्याबरोबर रेल्वेच्या कार्यालयात येतो.

उत्साही : पहिली आणि तिसरी मी आजच लिहून देतो. दुसरीवर रेल्वे सही करणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तिकिटाचा दर गावाच्या हाती देईल अशी व्यवस्था त्यांच्याकडे नाही. त्या एका ओळीसाठी सगळं थांबवायचं का? आधी आत शिरू, विश्वास बसला की दराचं बोलू.

शंकेखोर : ती एक ओळच सगळं आहे, सर. कंपनीच्या करारातही आधी मालाचं ठरलं, माणसाचं पुढे बघू म्हणून राहिलं.

उत्साही : आणि ती ओळ मिळेपर्यंत यार्डातला एकेक डबा गंजून कमी होत जाईल. मी येत्या महिन्यात शाळांना पत्र देतो आहे, म्हाताऱ्यांकडे पोरं पाठवायला. त्याला कुणाची सही लागत नाही.

शंकेखोर : त्या पत्रावर माझं नाव घाला. रेल्वेच्या कागदावर अजून नको.